भोपळ्यातली म्हातारी न्यू जर्सीत

हॅलोवीनच्या दिवशी घरात वॉकर घेऊन चालणारं माणूस असेल, तर सगळ्यात आधी विचार करावा लागतो तो दाराच्या घंटेचा. न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीमधल्या आमच्या गल्लीत ३१ ऑक्टोबरला शाळा सुटली की सोंगं घेतलेली पोरं खाऊ मागत घरोघर फिरायला लागतात, ती रात्री आठपर्यंत. दर दोन-चार मिनिटांनी घंटा. दाराबाहेर डायनोसॉर, परी, अंतराळवीर पिशव्या उघडून उभे, आणि आत ‘लेकरं ताटकळली असतील’ म्हणून घाईघाईनं खुर्चीतून उठू बघणारं माणूस. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक जण वर्षातून एकदा तरी पडतात, असं इथली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. त्या पडण्यात घाईचा वाटा किती असतो, हे ज्यांच्या घरात असं कुणी पडलं आहे त्यांना सांगायला नको.

२०२४ च्या श्रावणात आई आमच्याकडे बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेत खुब्याचा अर्धा सांधा बदलला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती पुढे दोन चाकं असलेला वॉकर घेऊन घरात नीट चालायला लागली होती, पण सर्जननी घालून दिलेले नियम अजून उठले नव्हते. कंबरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. गुडघ्यांपेक्षा खाली जाणाऱ्या आसनावर बसायचं नाही. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट अधूनमधून तिची एक सोपी चाचणी घ्यायची. खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. आईला जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. म्हणजे घंटा वाजल्यापासून दार उघडेपर्यंत पोरं पुढच्या घरी पोचलेली असणार, आणि हे माहीत असल्यामुळे आई घाई करणार.

नवऱ्यानं सुचवलं की या वर्षी बाहेरचा दिवाच लावू नये. पोर्चवरचा दिवा बंद असेल तर त्या घरी जायचं नाही, हा इथला अलिखित नियम लहान पोरांनाही ठाऊक असतो. दुसरा मार्ग म्हणजे चॉकलेटांचा वाडगा पायरीवर ठेवून ‘एकच घ्या’ अशी पाटी लावायची. दोन्ही सोपं होतं आणि सुरक्षितही. पण आईनं सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवण्यात सगळं आयुष्य घालवलंय. इथे आल्यापासून हॅलोवीन हा तिचा सगळ्यात आवडता अमेरिकी सण, कारण त्या एका संध्याकाळी गल्लीतलं प्रत्येक मूल आपण होऊन तिच्यासमोर येऊन उभं राहतं. ती एवढंच म्हणाली, “मला खिडकीत बसवून ठेवू नका गं.”

त्यावर मी फिजिओथेरपिस्टला विचारलं आणि तिनं जो प्रश्न उलटा विचारला त्यातून आमचा सगळा बेत उभा राहिला. आईनं दारापर्यंत जायलाच कशाला हवं? पोरं चालू शकतात, धावू शकतात. मग सण तिच्या खुर्चीपाशी न्या.

आमच्या गराजचं तोंड ड्राइव्हवेवर उघडतं. आतली काँक्रीटची जमीन सपाट आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि घरातून गराजमध्ये यायला एकच पायरी आहे. पुढच्या दाराला मात्र तीन पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला. ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे, त्यामुळे खुर्ची बाहेर उतारावर न मांडता गराजच्या उंबऱ्याच्या आतच ठेवायची असं ठरलं. गाडी रस्त्यावर लावली. राहिली ती एक पायरी, सहा इंचांची. रॅम्पसाठी इथे धरलेलं प्रमाण एक इंच उंचीला एक फूट लांबी असं आहे, म्हणजे सहा इंचांना सहा फूट. तेवढी जागा होती, पण थेरपिस्टच्या मते आईला त्या वेळी उतरत्या फळीवर वॉकर सांभाळण्यापेक्षा पायरी जास्त जमत होती. तिनं पायरी अर्ध्या उंचीची करून घ्यायला सांगितलं. नवऱ्यानं रुंद फळीचा, वॉकरचे चारही पाय मावतील असा भक्कम चौरंग बनवला, वर खरखरीत पट्ट्या लावल्या आणि भिंतीला एक दांडा ठोकला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे आईला आता झोपेतही आठवतं.

खुर्चीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. बागेत वापरायच्या घडीच्या खुर्च्या बुटक्या असतात, मध्ये खोळ पडते आणि त्यातून उठताना माणूस पुढे झुकून धडपडतं. आम्ही जेवणाच्या टेबलाची हातवाली, जड, न हलणारी खुर्ची आणली आणि वर घट्ट उशी ठेवली, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील. मऊ उशी चालत नाही, ती दबते. खुर्चीची पाठ भिंतीकडे, वॉकर उजव्या हाताला सहज येईल असा, आणि समोर टेबल. चॉकलेटांचं ताट टेबलावर कोपराच्या उंचीला, कारण मांडीवरचा किंवा जमिनीवरचा वाडगा म्हटला की वाकणं आलं. टेबल मध्ये असल्याचा आणखी एक फायदा होता. उत्साहानं धावत आलेलं पोर थेट आईच्या पायांवर येऊन आदळत नाही.

मग वाट. आमच्या दारात ओकचं मोठं झाड आहे आणि ऑक्टोबरात त्याची कडक गोल फळं पडतात. ती पायाखाली आली की गोट्यांवर पाय पडल्यासारखं होतं. वॉकरच्या चाकाखाली आली तर चाक अडतं आणि माणूस पुढे जातं. पानंही होती. सगळं आदल्या दिवशी झाडलं आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा. गल्लीत जागोजागी फुगवलेली भुतं उभी असतात, त्यांच्या पंख्यांच्या वायरी फुटपाथवरून जातात. आमच्याकडची एकही वायर वाटेवर ठेवली नाही. समोरच्या घरी एक चेटकीण आहे, कुणी जवळून गेलं की तिचे डोळे पेटतात आणि ती किंचाळते. पोरांना ती फार आवडते. पण वॉकर धरलेलं माणूस दचकलं की हात सुटतो. मी जाऊन सांगितलं, तर त्या घरच्या बाईंनी चार ते सहा तिचं बटण बंद ठेवायचं आनंदानं कबूल केलं. कुणी मागितलंच नाही तर लोकांना कळणार तरी कसं?

वेळही मुद्दाम निवडली. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, त्यामुळे हॅलोवीनच्या संध्याकाळी उजेड तासभर जास्त मिळतो. आमच्याकडे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. अगदी छोटी मुलं आईबाबांबरोबर चार ते सहात येऊन जातात आणि अंधार पडल्यावर मोठी, मुखवटेवाली, दंगेखोर टोळी निघते. आईनं चार ते पावणेसहा बाहेर बसायचं, मग आत. नजर कमी झालेल्या माणसाला संधिप्रकाशात पायरीची कड दिसत नाही, म्हणून त्या पायरीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि गराजचा दिवा चार वाजल्यापासूनच लावून ठेवला. झगमगते, उघडझाप करणारे दिवे आणि धुराचं यंत्र पूर्ण बाद. त्या धुरानं दमेकऱ्यांना त्रास होतो, आणि आमच्या शेजारच्या आजींना श्वासाचा जुना विकार आहे.

त्या शेजारच्या घराबद्दल सांगायलाच हवं. तिथले आजोबा वर्षानुवर्षं आपल्या अंगणात सांगाड्यांचा देखावा मांडत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळजवळ गेलं. तेव्हापासून त्यांच्या पोर्चवरचा दिवा ३१ ऑक्टोबरला बंद. आमचा गराजचा बेत ऐकल्यावर आजींनी विचारलं, “आम्हीही आलो तर चालेल?” त्यांच्या घराला मागच्या बाजूनं लाकडी रॅम्प आधीच होता. सपाट फुटपाथवरून व्हीलचेअर आमच्यापर्यंत येत होती, फक्त ड्राइव्हवेचा चढ होता आणि तो ढकलायला नवरा होता. येताना खुर्ची तोंड पुढे करून चढवायची आणि जाताना उलटी, मागे मागे उतरवायची, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. गराजमध्ये पोचल्यावर दोन्ही ब्रेक लावायचे. एकच लावला तर खुर्ची गोल फिरते.

आता दिवाळीची गोष्ट. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेळेनुसार अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या पहाटे लागली, त्यामुळे आमच्याकडे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले. एडिसन, इझेलिन या भागात आपली माणसं इतकी आहेत की त्या गुरुवारी कित्येक दारांत एका बाजूला कोरलेला भोपळा आणि दुसऱ्या बाजूला आकाशकंदील होता. आईला दोन्ही हवं होतं. दाराशी रांगोळी आणि पणत्या नसतील तर लक्ष्मी कशी येणार?

पण रांगोळीची पूड काँक्रीटवर घसरडी असते. वॉकरच्या मागच्या पायांना लावलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या तिच्यावरून सटकतात. शिवाय उकिडवं बसून रांगोळी काढणं आईला आता शक्यच नव्हतं, आणि याचं तिला पडल्याच्या दुखण्याहून जास्त वाईट वाटत होतं. आम्ही प्लायवुडचा चौकोनी तुकडा गेरूच्या रंगानं रंगवला आणि टेबलावर ठेवला. तिनं खुर्चीत ताठ बसून त्यावर ठिपके टाकले. सुरुवातीला हात थरथरत होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीतून पूड सोडताना ठिपका लांबुळका होई, मग ती तो करंगळीच्या कडेनं पुसून पुन्हा टाकी. अर्धी ओळ झाली आणि हात बसला. मग कुणाशी न बोलता तिनं नऊ ते पाच ठिपक्यांचं कमळ जोडत नेलं, आणि मधल्या मोकळ्या जागेत, कुणी न सांगता, एक छोटा भोपळा काढला. ती फळी आम्ही गराजच्या टेबलावर चॉकलेटांच्या शेजारी मांडली. पोरांच्या डोळ्यांसमोर बरोबर आली. जमिनीवरची रांगोळी इतक्या पोरांनी इतकं निरखून कधी पाहिली नसती.

पणत्यांच्या बाबतीत तडजोड नाही. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, पानं कडकडीत वाळलेली, वणव्यांच्या बातम्या रोज. त्यात पोरांचे पायघोळ झगे, झालरी, आणि आईची साडी. बाहेर सगळ्या पणत्या आणि भोपळ्यांतले दिवे बॅटरीचे. तेलाची पणती फक्त आत, देवासमोर. आई कुरकुरली नाही, उलट म्हणाली, “वारं आलं तरी विझत नाहीत, बरंच की.”

भोपळा कोरणं हे या सणातलं मुख्य काम, आणि संधिवाताच्या हातांसाठी सगळ्यात वाईट. जाड साल, घसरणारी सुरी, ताकद लावायला लागते ती सगळी मनगटात. आम्ही कोरलाच नाही. आई आणि शेजारच्या आजोबांनी टेबलाशी बसून भोपळे रंगवले. आजोबांचा भोपळा घरंगळू नये म्हणून खाली ओला टॉवेल गोल करून ठेवला, कारण त्यांना रंगवायला एकच हात, तोही डावा. रंगवताना आईला मी सांगत होते की आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, आणि एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येनं इथे आले तेव्हा त्यांच्याबरोबर ही रीत आली. इथे भोपळा मोठा, मऊ आणि मुबलक, म्हणून सलगम मागे पडला. आईनं लगेच पुढचं विचारलं, “मग आतला गर काय करतात?” टाकतात, म्हटल्यावर तिला ते सहन होईना. कोरायचे मोठे भोपळे पाणचट आणि तंतुमय असतात, त्यांचे घारगे नीट होत नाहीत. घारग्यांसाठी आम्ही ‘पम्पकिन पाय’ हा इथला गोड पदार्थ करायला मिळतो तो छोटा, गोड भोपळा वेगळा आणला.

पोशाखावर घरात बरीच चर्चा झाली. माझी धाकटी आजीला चेटकिणीची टोपी घालायला निघाली होती. “लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चेटकीण? शोभतं का ते?” मग आईनंच तोड काढली. ती भोपळ्यातली म्हातारी होणार. लेकीकडे जाऊन लठ्ठमुठ्ठ झालेली, आणि परतताना भोपळ्यात बसून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणत वाघाला चकवणारी. धाकटी वाघ व्हायला एका पायावर तयार. मुखवटा नाही, तोंडावर रंगाचे पट्टे, म्हणजे तिलाही पायाखालचं दिसेल.

वॉकरचा भोपळा करायला केशरी फेल्ट कापड घेतलं. पुठ्ठा नको होता, तो अडकतो आणि दुमडतो. कापड फक्त पुढच्या आडव्या दांड्याला वेल्क्रोनं लावलं, खालची कड जमिनीपासून वीतभर वर. मुठी, चाकं, मागचे पाय सगळं मोकळं. वजनदार काही टांगलं नाही, कारण पुढे वजन झालं की वॉकर कलतो. थेरपिस्टनं आईला तो घेऊन हॉलमध्ये फेरी मारायला लावली आणि दोन्ही बाजूंच्या झालरी काढायला सांगितल्या. त्यांच्यामुळे आईला स्वतःची पावलं दिसत नव्हती. पुढचा केशरी चेहरा आणि हिरवं देठ मात्र राहिलं.

आणि नऊवारी. सहावारीच्या निऱ्या वॉकरच्या चाकात येतात, ते आम्ही घरात अनुभवलं होतं. काष्ट्याच्या साडीत घोटे मोकळे, पुढे लोंबणारं काही नाही. नेसताना मात्र फार वेळ उभं राहावं लागतं, म्हणून शिवलेली नऊवारी आणली. ती बसून घालता येते, आधी शस्त्रक्रियेचा पाय आणि मग दुसरा. पदर खांद्यावर पिन करून कमरेला खोचला. पायांत नेहमीचे रबरी तळाचे बंद बूट. त्या बुटांवर नऊवारी कशी दिसेल याची आईला जरा काळजी होती, पण टेबलामागे पाय कुणाला दिसत नव्हते.

शेजारच्या आजोबांची व्हीलचेअर त्यांच्या नातवानं रेल्वेचं इंजिन केली. खोकं गुडघ्यांपुढे, चाकांना आणि ब्रेकच्या दांड्यांना कुठेही न लागणारं.

खाऊची बाजू जरा गुंतागुंतीची होती. आईला पोरांना बेसनाचे लाडू द्यायचे होते. इथे अनोळखी घरातून सुटा, घरी केलेला खाऊ पालक मुलांना खाऊ देत नाहीत, आणि शेंगदाण्याची, सुक्या मेव्याची ॲलर्जी खूप मुलांना असते. म्हणून पोरांना वेष्टनातली छोटी चॉकलेटं, आणि वेगळ्या ताटात पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणारी कडी. ज्या घरात खाऊशिवायचीही भेट मिळते तिथे मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत २०१४ पासून देशभर पसरली आहे; आजोबांनी रंगवलेला भोपळा तोच होता. लाडू ओळखीच्या घरांत डब्यातून गेले. आजोबांना पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो, त्यामुळे कडक गोळ्या, चिकट कॅरॅमल, लाडवाचा कोरडा रवाळपणा सगळंच त्यांना वर्ज्य. त्यांना कसलं घट्टपण चालतं ते आजींनी त्यांच्या स्पीच थेरपिस्टला विचारून आम्हाला सांगितलं, आणि आईनं भोपळा वाफवून, चाळणीतून गाळून, दूध आटवून घट्ट गुळगुळीत लापशी केली. आईला मधुमेह आहे. तिनं स्वतःसाठी त्यातलाच एक चमचा बाजूला काढला.

एक गोष्ट कुणी बोलत नाही आणि तीच महत्त्वाची असते. बाहेर बसायचं म्हटलं की वयस्कर माणसं दुपारपासून पाणी पिणं बंद करतात, बाथरूमला जावं लागू नये म्हणून. मग उठताना चक्कर येते. त्या दिवशी तर पारा ऐंशी फॅरनहाइटच्या घरात होता. एरवी ३१ ऑक्टोबरला स्वेटर लागतो. मी आईला आधीच सांगितलं की पाच वाजता आपण दोघी आत जाऊन येणार, तेवढा वेळ वाघ दुकान सांभाळेल. तेव्हा कुठे तिनं तांब्या जवळ ठेवला.

चार वाजता पहिलं पोर आलं, मधमाशीच्या पोशाखातलं, जेमतेम चालणारं. आईनं वाकायचं नव्हतं आणि मधमाशीचा हात टेबलावर पोचत नव्हता. इथे उपयोगी पडला तो हॉस्पिटलातून मिळालेला लांब चिमटा, मूठ दाबली की पुढची पकड मिटते तो. जमिनीवर पडलेली वस्तू न वाकता उचलायला तो देतात. आम्ही त्याच्या टोकाला वाघाचा पंजा शिवला होता. आईनं पंजानं एक स्टिकर उचललं, टेबलावरून पुढे नेलं आणि मधमाशीच्या पिशवीत अलगद सोडलं. मधमाशी आधी दचकली, मग खिदळली, मग तिनं स्टिकर पिशवीतून काढून पुन्हा पंजासमोर धरलं, परत भरव म्हणून. मागे रांग लागली. त्यानंतर प्रत्येकाला पंजाकडूनच हवं होतं. मूठ दाबून दाबून आईचा हात दुखायला लागला की थोडा वेळ ती हातानं देई आणि पंजा वाघाकडे जाई.

आजोबांच्या बाबतीत त्यांच्या स्पीच थेरपिस्टनं आजींना आधीच सांगून ठेवलं होतं की नव्यानं वाक्य जुळवणं जमत नसलं तरी आयुष्यभर पाठ असलेले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात. पहिल्या काही मुलांना ते नुसता हात हलवत होते. मग एका छोट्या समुद्री चाच्यानं इंजिनाची शिट्टी कुठे आहे म्हणून विचारलं, आणि आजोबा मोठ्यानं, स्वच्छ म्हणाले, “हॅपी हॅलोवीन!” आजींनी माझा दंड घट्ट धरला. त्यानंतर ते प्रत्येक मुलाला तेच म्हणत राहिले आणि त्यांच्या शेजारी आई प्रत्येकाला “हॅपी दिवाळी” म्हणत राहिली. काही पोरं दोन्हींना दोन्ही उत्तरं देऊन गेली.

साडेपाचला आईचे खांदे उतरले. ती कबूल करणार नव्हती, पण थकल्यावर तिचं उजवं पाऊल जमिनीवरून नीट उचललं जात नाही, आणि ते मला आत नेताना दिसायला नको होतं. म्हणून आम्ही ठरल्यापेक्षा थोडं आधीच उठलो. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, उठून क्षणभर उभं राहायचं आणि मगच वॉकर धरायचा. भोपळा टुणूक टुणूक करत आत गेला. मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हात हलवून निरोप दिला नाही. दोन्ही हात मुठींवरच ठेवले आणि मान वळवून हसली. पुढे हातपाय धुऊन, बसूनच, लक्ष्मीपूजन झालं.

२०२५ मध्ये दिवाळी दहा-अकरा दिवस आधीच येऊन गेली आणि हॅलोवीन शुक्रवारी आला. आई तोवर काठीवर आली होती, तरी गराज, जड खुर्ची, टेबल, चार ते पावणेसहा हे सगळं तसंच ठेवलं. भर पडली ती पलीकडच्या गल्लीतल्या एका तेलुगू आजींची. त्यांना पार्किन्सन्स आहे. सपाट जमिनीवर त्या चालतात, पण उंबरा किंवा दार आलं की पाय जागच्या जागी थिजतात. त्यांच्या मुलीनं सांगितलं की जमिनीवर आडव्या रेषा दिसल्या तर त्या रेषा ओलांडत ओलांडत त्या पुढे येतात. आम्ही गराजच्या तोंडापासून खुर्चीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर केशरी टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या. आजी उंबऱ्याशी थांबल्या, खाली बघितलं, पहिली पट्टी ओलांडली आणि सरळ आत आल्या. टेप अजून काढलेली नाही, कारण त्या आता मंगळवारी दुपारी आईकडे चहाला येतात आणि गराजमधूनच येतात.